‘मी’चे मरण कोणी सांगावे?

आमच्याकडे अभिप्रायासाठी येणाऱ्या नवोदितांच्या कथांत एक प्रकार वारंवार आढळतो. कथा ‘मी’ सांगतो आणि शेवटच्या ओळीत तो ‘मी’च प्राण सोडतो. वाचकाला धक्का बसतो खरा. परंतु लगेच तो विचारतो, मग हे सारे लिहिले कोणी? प्रश्न बाळबोध वाटला तरी जुना आहे. मोशेच्या मृत्यूची हकिगत ‘अनुवादा’च्या 34 व्या अध्यायात आहे आणि परंपरेने तो ग्रंथ मोशेचाच मानला. म्हणून शेवटची आठ वचने यहोशवाची, असा तोडगा काही यहुदी पंडितांनी फार पूर्वीच काढला.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (1967) कर्ण आरंभीच आपण मृत असून बोलत आहोत, हे सांगून टाकतो. वाचकाची फसवणूक होत नाही. पुढे कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण हेही आपापल्या तोंडून बोलतात. कर्णाचा अंत मात्र श्रीकृष्णाच्या निवेदनात येतो. मरणोत्तर बोलण्याची मुभा कर्णाला दिली होती, तर ती ऐन वेळी काढून का घ्यावी? तर्काने पाहता ही विसंगतीच होय. तरीही आमच्या मते कादंबरी येथेच सावरते. स्वतःविषयी बोलताना कर्ण पुष्कळदा स्वतःची वकिली करतो, भाषाही अलंकारांनी जड होते. आपल्या मरणाचे मोठेपण त्यानेच वर्णिले असते, तर ते कोणाला पटले असते? ते सांगतो कोण, तर रथाचे चाक रुतले असता अर्जुनाला बाण सोडावयास लावणारा सारथी! अशी साक्ष कर्णाला दुसऱ्या कोणाकडून मिळाली नसती.

रेमार्क या जर्मन कादंबरीकाराने ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये (1929) याहून कमी शब्दांत हे साधले. सैनिक पाऊल सारी कथा ‘मी’ म्हणून सांगतो. अखेरच्या दोन लहान परिच्छेदांत त्या ‘मी’चा ‘तो’ होतो आणि ऑक्टोबर 1918 मधील त्याचे मरण कोणी परकाच कोरडेपणाने नोंदवितो. (आम्हा लोणारकरांना हे उमजायला जड जाऊ नये. विवर पाडणारी उल्का उरली नाही. तिची हकिगत वितळलेल्या बेसॉल्टवरूनच कळली.)

‘कोसला’त (1963) पांडुरंग सांगवीकर जिवंत राहतो, धाकट्या बहिणीचे, मनीचे मरण त्याला सांगावे लागते. तो भाग आम्ही या कथालेखकांना वाचावयास देतो. एकाने नायकाचे मरण तसेच ठेवून कथा त्याच्या आईच्या तोंडी घातली. तिची लांबी निम्म्यावर आली आहे.