कोर्लईचे दोन इतिहासकार

धर्मग्रामांच्या महोत्सवी स्मरणिका आम्ही आवडीने वाचतो. आरंभी चर्चचे छायाचित्र, मग पायाभरणीची तारीख, येऊन गेलेल्या धर्मगुरूंची यादी आणि शेवटी देणगीदारांची नावे. हे काम श्रद्धेने केलेले असते. परंतु त्यास धर्मग्रामाचा इतिहास म्हणावे काय? या प्रश्नाचा विचार करताना आमच्याच रायगड किनाऱ्याविषयी लिहिलेले दोन इंग्रजी ग्रंथ उपयोगी पडतात.

माणगावाहून रोह्यामार्गे साळावला यावे. कुंडलिकेच्या मुखाशी एका तीरावर रेवदंडा, दुसऱ्या तीरावर कोर्लई. रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचे चौल. १५२१ साली निजामशहाच्या अनुमतीने त्यांनी येथे ठाणे उभारले, १५९४ साली समोरचा कोर्लईचा डोंगर जिंकला आणि वसई पडल्यावर १७४० साली हा मुलूख मराठ्यांच्या हाती गेला. मठ ओस पडले. कोर्लईची ख्रिस्ती वस्ती मात्र टिकली.

पहिला ग्रंथ डॉ. जे. गर्सन द कुन्हा यांचा. मूळचे गोव्याचे, व्यवसायाने वैद्य असलेल्या या गृहस्थांनी १८७६ साली चौल व वसई येथील पुरातन अवशेषांवर तो प्रसिद्ध केला. पडक्या भिंतींतून हिंडून त्यांनी शिलालेख वाचले, उतरवून घेतले, त्यांचे अर्थ लावले. या परिश्रमांचे ऋण मोठे आहे. परंतु ग्रंथकाराची दृष्टी मुख्यतः तट, वेढे, मठ आणि थडगी यांवर खिळलेली आहे. त्या मठांत गुडघे टेकणाऱ्या सामान्य भाविकाला त्यात दुय्यम स्थान मिळते.

दुसरा ग्रंथ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचा, १९९६ सालचा. त्याचा विषय कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत बोलली जाणारी भाषा. बोलणारे तिला ‘आमची भाषा’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. राज्यकर्ते गेल्यावर अडीचशेहून अधिक वर्षे ती का टिकली? धर्माने हे लोक हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांपासून वेगळे राहिले आणि जातीने इतर ख्रिस्ती लोकांपासून, असे त्यांचे उत्तर आहे. हे वाचताना आम्ही अस्वस्थ होतो. ख्रिस्तात भेद उरत नाही असे आम्ही वेदीवरून सांगतो; येथे मात्र त्या भेदाच्या भिंतीआड एक भाषा जगली. असे सत्य स्मरणिकेत सहसा सापडत नाही.

तरीही या ग्रंथात श्रद्धा ही समाजाची सीमारेषा म्हणून येते, जीवनाचा आधार म्हणून नव्हे. भाषाशास्त्रज्ञाकडून ती अपेक्षाही नाही. तो भाग धर्मग्रामाने स्वतः लिहावयास हवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेतील उपासनेचे दार उघडले आणि या किनाऱ्यावर मिस्सा मराठीत होऊ लागली. इतरांना ती घरची भाषा वाटली. कोर्लईकरांना ती शाळेची आणि बाजाराची. मग आजीने शिकवलेल्या प्रार्थनेचे काय झाले? हे परक्या अभ्यासकापेक्षा त्या घरांनाच अधिक ठाऊक असणार.

साधने आपल्या हातांत आहेत. इंग्लंडमध्ये १५३८ साली प्रत्येक पॅरिशला स्नानसंस्कार, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याची आज्ञा झाली. तेथील लहानसहान किनारी गावांचे इतिहास पुढे त्याच वह्यांतून लिहिले गेले. आपल्या ख्रिस्तसभेतही १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने विवाहाची नोंदवही बंधनकारक केली. त्या वह्यांत कोळी, शेतकरी, दाई, धर्ममाता सारे आहेत.

कोर्लईची ही बोली आज हजाराच्या आसपास लोकांच्या तोंडी उरली आहे. पुढची स्मरणिका काढणाऱ्या मंडळींना आमची विनंती आहे की देणगीदारांची यादी दोन पानांनी कमी करावी आणि त्या जागी वृद्ध माउलींच्या प्रार्थना त्यांच्याच शब्दांत उतरवून छापाव्यात.