तणनाशक सहन करणारा चारा: आधी प्रश्न तपासा

जनुकीय बदल केलेला, तणनाशक सहन करणारा चारा आणावा का? चर्चा निघाली की दोन वाक्यं ठरलेली. एक, "असा चारा खाऊन दूध बिघडेल." दुसरं, "बीटी कापूस चालतो, मग चारा का नको?" संशोधनाची तयारी करताय ना? मग दोन्ही तपासा.

पहिलं वाक्य खानदेशात लंगडं पडतं. बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली. त्याच कापसाच्या सरकीची ढेप इथली गुरं वर्षानुवर्षं खातायत. नुसतं 'जनुक पोटात गेलं' म्हणून आक्षेप उभा राहत नाही.

दुसरं वाक्य जास्त फसवं. बीटीचं झाड स्वतःच बोंडअळीला मारतं. तणनाशक-सहनशील झाड फक्त फवारा सोसतं, फवारायचं आपणच. आणि चाऱ्यात फवारलेलं पानच गव्हाणीत पडतं. लसूणघास साधारण महिन्याने कापणीला येते. सोनगीरच्या शिवारात उन्हाळ्यात हिरवा चारा संपला, तर फवारणीनंतर ठरलेले दिवस कोण थांबेल? अवशेष मोजताना हे धरा.

आता परागण. लसूणघास बहुवार्षिक, तिचं परागण मधमाश्या करतात. अमेरिकेत अशा लसूणघासला 2005 मध्ये परवानगी मिळाली, 2007 मध्ये न्यायालयाने नवी पेरणी थांबवली, 2011 मध्ये ती पुन्हा खुली झाली. रस्त्याकडेला आपोआप उगवलेल्या लसूणघासची 404 ठिकाणं तपासली, तर सुमारे 27 टक्के ठिकाणी ते जनुक सापडलं. बांधावर गेलेलं परत आणता येत नाही.

बाजूचा मुद्दाही लिहा. लसूणघासवर अमरवेल चढली की शेतकरी हैराण होतो, ती गरज खरी आहे. पण तुलना कशाशी? अमरवेलमुक्त बियाण्याशी केलीत का?

शेवटी 'तण' हा शब्द. निंदणीला गेलेली बाई गवताचा भारा घरी नेते, शेळी त्यावर जगते. फवाऱ्याने वाचलेली मजुरी मालकाच्या वहीत नफा दिसते. बाईचा बुडालेला रोज आणि भारा तुमच्या तक्त्यात कुठे आहे?

माझं मत: या तीन रकान्यांची उत्तरं मिळेपर्यंत परवानगी नको. पण नुसत्या बंदीवरही विसंबू नका. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं. बियाणं परवानगीसाठी थांबत नाही, म्हणून अभ्यास आधी हवा.