उशाशी कोण होते?

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. माती तुडवीत असता ते विठ्ठलनामात इतके तल्लीन झाले की, आपले तान्हे मूल पायांखाली आल्याचेही भान त्यांस राहिले नाही, ही आख्यायिका सर्वांस परिचित आहे. कीर्तनकार तीत भक्तीची पराकाष्ठा पाहतात. आम्हांस तीत एक प्रश्नही दिसतो. देह हातभर अंतरावर आणि चित्त पंढरीस, तर जवळ असणे म्हणजे नेमके काय? नाते उलटे केले की हाच प्रश्न मरणोन्मुख आईबापांच्या मुलांपुढे उभा राहतो. तो मनात धरून आम्ही साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तील अखेरच्या रात्री पुन्हा वाचल्या.

गुरुजींची आई १९१७ साली पालगडास वारली. पुस्तक त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहिले. त्यात अश्रू फार, हा आक्षेप जुना आहे, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. मृत्युशय्येवरील आईच्या मुखी वेदनेपेक्षा निरवानिरवीचे आणि उपदेशाचे शब्दच अधिक येतात. खऱ्या दुखण्यात चिडचिड असते, कंटाळा असतो. त्याला येथे फारसा वाव नाही.

परंतु आक्षेपकांच्या नजरेतून एक गोष्ट निसटली, असे आम्हांस वाटते. अखेरच्या घटकेस श्याम तेथे नव्हता. तो दूरदेशी शिकत होता. घरी आल्यावर त्याच्या वाट्याला काय उरले, हे ‘भस्ममय मूर्ती’ या प्रकरणाचे नावच सांगते. म्हणजे आईचे शेवटचे दिवस तो सांगतो ते इतरांच्या डोळ्यांनी. अशा वेळी सामान्य लेखकाने स्वतःच्या पश्चात्तापानेच पाने भरली असती. गुरुजीही रडतात, पण रडता रडता ते जागा देतात सखूमावशीला. कर्जात बुडालेल्या त्या घरात आजाऱ्याची रात्रंदिवस शुश्रूषा करणारी, ती हीच. आईमागे अन्न सोडणाऱ्या मथी मांजरीलाही ते विसरत नाहीत. जो उशाशी नव्हता, त्याने उशाशी असलेल्यांचे ऋण शब्दांत फेडावे, हा या प्रकरणांचा खरा मोठेपणा होय. श्यामची आई घरोघर पोहोचली. त्याची मावशी मात्र समीक्षकांच्याही लक्षात राहिली नाही.

धाराशिवच्या वाचकास हे दूरचे वाटू नये. दसरा उलटला की भूम, वाशी, कळंबकडील कुटुंबे उसाच्या तोडीसाठी परमुलखास जातात. शिकलेली मुले पुण्या-मुंबईस राहतात. म्हातारी माणसे मागे उरतात, आणि निरोप पुष्कळदा उशिरा पोहोचतो. अशा मुलांस ‘तुम्ही कर्तव्य चुकलात’ असे सांगणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नव्हे. पोट माणसाला कोठे नेईल, ते सर्वस्वी त्याच्या हाती नसते. मात्र आपल्या ऐवजी पाणी कोणी पाजले, अंथरूण कोणी बदलले, रात्री कोण जागले, हे विचारणे आणि ते नाव कृतज्ञतेने घेणे त्याच्या हाती निश्चित असते. श्यामने तेवढे केले. त्याचे अश्रू खारट असूनही खोटे वाटत नाहीत, ते याचमुळे.