कारवारचा किनारा आणि एकांताची गोष्ट

थीसिस लिहायची वेळ आली की आपल्यापैकी बऱ्याच जणांना एकच स्वप्न पडतं. समुद्रकाठचं लांबचं गाव, एक खोली, फोन बंद आणि महिनाभरात सगळे चॅप्टर तयार. हे स्वप्न बहुतेक कलावंतांच्या चरित्रांतून आलेलं असतं. म्हणून आज अशाच एका किनाऱ्यावर लिहिलेल्या नाटकाकडे बघू.

१८८३ साली बावीस वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर कारवारला राहिले. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. डोंगरांनी वेढलेलं बंदर, अर्धचंद्रासारखा किनारा, सुरूचं बन आणि समुद्राला मिळणारी काळी नदी. इथेच त्यांनी ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक लिहिलं. ते १८८४ मध्ये छापून आलं.

आता गंमत बघा. एकांतातल्या या नाटकाचा विषयच एकांताचा पराभव आहे. गुहेत राहून सगळी बंधनं तोडल्याचा दावा करणारा संन्यासी बाहेर येतो. समाजाने दूर सारलेली एक अनाथ मुलगी त्याला बिलगते. त्याला माया वाटू लागते, तो घाबरतो आणि तिला सोडून पळतो. शेवटी व्रत मोडून परत येतो, तर मुलगी जिवंत नसते.

नाटक म्हणून ते सगळं जमलेलं नाही. संन्याशाची भाषणं लांबतात. रस्त्यावरच्या माणसांची साधी बडबड त्याहून जिवंत वाटते. आणि त्या मुलीला स्वतःचं आयुष्यच नाही. संन्याशाला धडा मिळावा म्हणून ती येते आणि त्यासाठीच मरते. तरी ‘जीवनस्मृती’त (१९१२) रवींद्रनाथांनी या नाटकाला आपल्या पुढच्या सगळ्या लेखनाची प्रस्तावना म्हटलं, कारण सीमेतच असीम सापडतं हा त्यांचा कायमचा विषय इथे आला.

मग हे श्रेय किनाऱ्याच्या एकांताला द्यायचं का? आपण विज्ञानवाले आहोत, तर व्हेरिएबल वेगळे करून बघू. रवींद्रनाथ तिथे एकटे नव्हते. थोरले भाऊ सत्येंद्रनाथ, भारतीयांपैकी पहिले आयसीएस, कारवारला न्यायाधीश होते. त्यांच्याकडे घरच्या मंडळींसोबत रवींद्रनाथ उतरले होते. म्हणजे राहण्या-जेवणाची चिंता नाही, हाताशी वेळ आणि बोलायला माणसं. यातलं काहीच न मोजता फक्त ‘समुद्र’ हे कारण लिहिलं तर कोणताही रिव्ह्यूअर पेपर परत पाठवेल.

शिवाय ‘दुर्गम’ कोणासाठी? आमचं अड्याळ शहरातल्या माणसाला शांत वाटेल. इथे राहणाऱ्याला चौकातून जाताना चार जण विचारतात, “काय करून राह्यला बे आजकाल? झाली का तुही पीएचडी?” पाहुण्याचा एकांत म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी घर आणि रोजचा धंदा असतो. कारवारमध्येही कोर्ट होतं, बंदर होतं, मासेमारी होती.

कारवारच्या आठवणीतली आणखी एक गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे. एका चांदण्या रात्री ते होडीने काळी नदीत वर गेले. उशिरा परतताना वाळूवरून चालत घरी आले आणि त्याच रात्री कविता लिहिली. पुढे त्या कवितेबद्दल लिहिताना त्यांनी म्हटलं की भावना अगदी ताजी असते तेव्हाच लिहिलेलं सर्वांत चांगलं उतरतं असं नाही. आठवणीचं अंतर लागतं. फील्डवर घेतलेली नोंद आणि चॅप्टर यांच्यातही हाच फरक आहे. नोंद त्याच रात्री झालीच पाहिजे, पण तिलाच निष्कर्ष समजू नका.

म्हणून गाव शोधण्याआधी तीन गोष्टी तपासा. महिनाभराचा खर्च कोण उचलणार, ड्राफ्ट वाचून तोंडावर बोलणारं कोण आहे, आणि डेटा गोळा करणं व लिहिणं यांत किती दिवसांचं अंतर ठेवता येईल. यांची उत्तरं असतील तर किनारा नसला तरी चालेल. आमच्या भंडारा जिल्ह्यात तर तो नाहीच.