बैठकीचा घसारा

पुस्तकाचं परीक्षण लिहायला पुस्तक वाचावंच लागतं असं नाही, असं जाणकार सांगतात. व्यायामाच्या साधनाला ही सवलत नाही. म्हणून प्रस्तुत परीक्षण तीन महिन्यांच्या वापरानंतरच लिहीत आहे. त्यातला एक महिना साधन खुंटीवर लटकत होतं, पण हिशेबात तोही धरला पाहिजे.

साधन म्हणजे रबराचा एक चपटा, बिनटोकाचा पट्टा. वीतभराहून थोडा लांब, तीन बोटं रुंद. नाव लूप बँड. आम्ही बँकेत गठ्ठ्यांना जे रबर लावतो, त्याचाच हा तालमीत गेलेला थोरला भाऊ. स्टीफन पेरी नावाच्या इंग्रजाने 1845 साली लंडनमध्ये रबर बँडचं पेटंट घेतलं, ते कागद आणि पाकिटं बांधायच्या कामी आलं. पुढे कधीतरी त्यात कारकूनच बांधला जाईल, हे त्या भल्या माणसाच्या स्वप्नातही नसेल.

पट्टा घरात आला तो बाबांसाठी. गेल्या पावसाळ्यात बाबा न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मग व्यायाम करवून घ्यायला फिजिओथेरपीच्या बाई येऊ लागल्या. एक दिवस त्यांनी पिशवीतून पट्टा काढला आणि म्हणाल्या, "आजोबा, हा गुडघ्यांच्या थोडा वर चढवायचा आणि बसल्या बसल्या गुडघे बाहेर ढकलायचे."

"एवढंच?" बाबा म्हणाले, "आणि याला कॉलेजात जावं लागतं?"

दहाव्या खेपेला बाबांनी कॉलेजचा विषय सोडला.

बाईंनी समजावलं ते असं. पार्श्वभागातला सगळ्यात मोठा स्नायू हा सगळ्या शरीरातही सगळ्यात मोठा. खुर्चीतून उठायला, जिना चढायला तो लागतो. त्याच्या वरच्या अंगाला, थोडा त्याच्याखाली झाकलेला, मधला स्नायू असतो. चालताना आपण एक पाय उचलतो, तेव्हा टेकलेल्या पायाकडचा हा मधला कंबर सावरून धरतो. तो ढिला पडला की उचललेल्या बाजूची कंबर खाली झुकते. ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने 1895 साली हे लिहून ठेवलं. पट्ट्याविरुद्ध गुडघे बाहेर ढकलताना कामाला लागतो तो मुख्यतः हाच. बँकेच्या भाषेत सांगायचं तर मोठा हा ब्रँच मॅनेजर आणि मधला हेडक्लार्क. तो रजेवर गेला की शाखा कोणाच्या जिवावर उभी होती ते कळतं.

याच जातीचं थायमास्टर नावाचं साधन 1990च्या दशकात अमेरिकेत टीव्हीवरून गाजलं. सुझॅन सॉमर्स ही नटी त्याची जाहिरात करी. ते गुडघ्यांमध्ये धरून आत दाबायचं. त्यात मांडीच्या आतले स्नायू राबतात. पार्श्वभाग बहुतेक बसूनच राहतो. शिवाय जिथला व्यायाम तिथलीच चरबी झडते, ही समजूतही खोटी. चेक आपण मांडीच्या शाखेवर फाडतो. शरीर पैसे कुठल्या शाखेतून काढेल, ते आपल्या हातात नाही.

कोणी म्हणेल, आपल्या तालमीतली बैठक काय वाईट होती? ना रबर, ना पेटंट. मान्य. पण आपल्याकडे बैठक मारतात, रंगवतात, बोलावतात, आणि घराच्या पुढच्या खोलीलाही बैठकच म्हणतात. आम्ही पडलो कॉमर्सचे. यातला कष्टाचा तेवढा अर्थ आम्ही विशीतच बुडीत खाती टाकला.

त्याची वसुली सत्यनारायणाच्या दिवशी झाली. गुरुजी म्हणाले, "यजमानांनी आता उठावं." यजमान उठेनात. शेवटी एक हात जमिनीला आणि एक चौरंगाला टेकवून मी उठलो. चौरंगावरचा कलश डगमगला. सौ.ने तो धरला. मला धरायला तिला तिसरा हात नव्हता. बाबा खुर्चीतून सगळं बघत होते. संध्याकाळी त्यांनी पट्टा माझ्यापुढे टाकला. "माझं हाड तरी मोडलंय. तुझं काय मोडलंय?"

काही मोडलं नव्हतं. यंत्र नुसतं उभं असलं तरी त्याला घसारा लागतो, हे मी बी.कॉम.ला शिकलो होतो. आमचं यंत्र वीस वर्षं नुसतं बसलं होतं.

आता दोष. पट्टा मांडीवर गुंडाळी होऊन वर सरकतो. उघड्या कातडीवर केस ओढतो, तेव्हा पायजम्यावरूनच घालावा. रंगाप्रमाणे ताण कमी-जास्त असतो, पण कोणत्या रंगाला किती, हे दर कंपनीगणिक बदलतं. सुरुवातीला तो गोड बोलतो आणि जितकं ताणाल तितका सावकारासारखा आवळतो. त्यामुळे थोडंसंच ताणून स्वतःला फसवणं सोपं. सगळ्यात मोठा दोष मात्र तोच, जो जाहिरातीत गुण म्हणून छापतात: कुठेही नेता येतो. जे कुठेही नेता येतं ते कुठेही विसरताही येतं. तालमीतला मुद्गल सोफ्याखाली हरवल्याचं कोणी ऐकलंय?

तरीही घ्यावा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताण द्या म्हणते. तेवढं काम हा स्वस्तात करतो. फक्त उठणं-बसणं त्याच्यावर सोपवू नये. ते आपणच करायचं.

गेल्या रविवारी बाई समोर उभ्या होत्या. बाबा उठायला लागले तसा मी सवयीने हात पुढे केला.

"हात काढ," बाबा म्हणाले.

दोन्ही हात छातीशी धरून, खुर्चीच्या हातांना न शिवता, ते उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. क्षणभर आम्ही कोणीच बोललो नाही. मग त्यांनी पाटाकडे बोट दाखवलं. "आता तू."

मला अजून एक हात जमिनीला टेकावा लागतो. पण कलश हलत नाही.