कोऱ्या पत्राचा मायना

पुणतांब्यास गोदाकाठी चांगदेवांची समाधी आहे. त्यांच्या कोऱ्या पत्राची कथा वाचकांस ठाऊक असेलच. ज्ञानदेव वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून ‘तीर्थरूप’, हे चांगदेवांना ठरविता येईना. म्हणून पत्र कोरेच गेले. उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या. मायना सुचला नाही की थोर माणूसही मुका होतो. वसईच्या सामवेदी बोलीत अलीकडे रचली जाणारी भक्तिगीते ऐकताना आम्हांस ही कथा वारंवार आठवते.

उत्तर वसईतील कुपारी कॅथलिक आणि सामवेदी ब्राह्मण ही बोली घरात बोलतात. ‘कादोडी’ हे तिचे दुसरे नाव. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्याच समाजातले; २०२० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. समाजाची लेखणी अशी मराठीत नांदली. लग्नघरातली गाणी मात्र बोलीत राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, तेव्हा लॅटिनच्या जागी मराठी आली. तो मोठाच लाभ होता. परंतु घरची बोली देवळाच्या पायरीशीच थांबली. बोलीत रडणारी माउली प्रार्थनेला उभी राहिली की ग्रंथातले शब्द शोधू लागते.

म्हणून ह्या नव्या गीतांचे आम्ही स्वागत करतो. पण स्वागत म्हणजे समीक्षा नव्हे. ‘बोली टिकली पाहिजे’ हा हेतू उदात्त खरा. तो गीताचा गुण होऊ शकत नाही. पुष्कळ गीतांत विचार पुस्तकी मराठीचा असतो, प्रत्यय तेवढे सामवेदी. आमची कसोटी साधी आहे: गीत प्रमाण मराठीत उतरवून पाहावे, काहीच हरवले नाही, तर ते मुळात बोलीचे नव्हतेच. दुसरा दोष चालीचा. लोकप्रिय चित्रपटगीताच्या चालीत शब्द कोंबले की बोलीचे हेल मोडतात आणि तिचा श्वास तुटतो.

लग्नातल्या बायांच्या गाण्याकडे पाहा. एकच ओळ फिरते. नाते तेवढे बदलते. कधी मामा येतो, कधी आत्या. ज्याला गाणे येत नाही तोही दुसऱ्या फेरीला सूर धरतो. तेथे कोणी श्रोता नसतो. हा बांधा आपल्या स्तोत्रांना का चालू नये?

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) मराठी ओवीत रचले. धर्मशिक्षणाचे पुस्तक मात्र कोकणीत लिहिले. कोणत्या भाषेत काय बोलावे, हे त्या परदेशी धर्मगुरूस उमगले होते. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने कोकणीविरुद्ध फर्मान काढले, तरी कोकणी गाणे मिटले नाही आणि १९९२ साली त्या भाषेस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. फर्मानाने न मेलेली भाषा लाजेने मरू शकते. सामवेदीवर आज कोणाचे फर्मान नाही. भय आहे ते लाजेचेच.

संग्रह करावेतच. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ ह्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हे ऋण फिटणारे नाही. परंतु जाते थांबले आणि ओवी कागदावर उरली. जपलेले गाणे आणि गायले जाणारे गाणे ह्यांत अंतर आहे.

आम्ही नगर जिल्ह्यातले. सामवेदी आमची बोली नव्हे. तरी ह्याच जिल्ह्यात, नेवाशास, १२९० साली ज्ञानदेवांनी गीता लोकांच्या बोलीत आणली, आणि आमच्या धर्मग्रामातल्या आजीबाईंची मराठीही स्तोत्रपुस्तकातली मराठी नव्हे. तेव्हा हा प्रश्न वसईपुरता नाही. नव्या गीतकारास आम्ही इतकेच सुचवू: आधी मायना ठरवा. चुलीपाशी बसून देवाला ज्या शब्दाने हाक मारता, त्याच शब्दाने गीत सुरू करा. पुढचे पत्र कोरे राहणार नाही.