नापामचा जनक आणि अर्धी राहिलेली मेथड

लुई फीझर हा हार्वर्डचा ऑर्गॅनिक केमिस्ट. १९३९मध्ये त्याने प्रयोगशाळेत व्हिटॅमिन के तयार केलं, जे रक्त गोठायला लागतं. १९४२मध्ये त्याच्याच टीमने नापाम बनवलं. या युद्धकाळाची हकीगत त्याने १९६४मध्ये 'द सायंटिफिक मेथड' या पुस्तकात सांगितली.

इंजिनियरला हे पुस्तक आवडेलच. पेट्रोल नुसतं पेटवलं तर भडकतं आणि संपतं. दाट केलं तर चिकटून जळत राहतं. आधी त्यात रबर घालायचे. जपानने मलाया घेतला आणि रबर मिळेना. मग अॅल्युमिनियमचे नॅफ्थेनेट आणि पामिटेट हे साबण वापरले. दोन्हींची सुरुवातीची अक्षरं जोडून 'नापाम' हे नाव झालं. वटवाघळांच्या अंगाला बारके आगबॉम्ब अडकवायचा प्रकल्पही होता. १९४३च्या चाचणीत काही वटवाघळं निसटली आणि न्यू मेक्सिकोतला अमेरिकेचाच नवा कोरा हवाई तळ पेटला. वाचताना हसू येतं.

पण ती वटवाघळं कुठे सोडायची होती? जपानी शहरांवर, म्हणजे लाकडी घरांच्या वळचणीत शिरून ती घरं पेटवतील. त्याच वर्षी युटाच्या वाळवंटात, डगवे इथे, लष्कराने आगबॉम्बच्या चाचणीसाठी हुबेहूब जपानी घरं उभारली, आत तातामी चटयांसकट. पुढे ९-१० मार्च १९४५च्या रात्री टोकियोत सुमारे एक लाख माणसं मेली. त्या बॉम्बमध्ये नापाम होतं.

व्हिएतनामच्या काळात पत्रकारांनी फीझरला गाठलं, तेव्हा त्याचा बचाव साधारण असा होता: हे माणसांवर वापरतील हे मला कसं कळणार? रायफल बनवणारा तिच्या वापराला जबाबदार नसतो. मला हा बचाव पटत नाही. चटई अंथरलेलं घर हे टार्गेट असेल, तर चटईवर कोण झोपतं हा प्रश्न रिक्वायरमेंटच्या बाहेरचा नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनाही 'माझं मॉड्यूल चाललं, पुढचं क्लायंट बघेल' म्हणायची सवय असते. म्हणूनच हा बचाव लगेच ओळखू येतो.

फीझरला कारणापासून परिणामापर्यंत जाता येत नव्हतं असंही नाही. त्याच १९६४मध्ये धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो असं ठामपणे सांगणारा अमेरिकन सर्जन जनरलचा अहवाल आला. तो लिहिणाऱ्या दहा जणांच्या समितीत फीझर होता. लाखो अनोळखी लोकांचे मृत्यू आणि एक पदार्थ यांचा संबंध तिथे त्याने तपासला. स्वतः मात्र सिगारेट ओढतच राहिला. कर्करोगाने फुप्फुसाचं ऑपरेशन झालं तेव्हा सुटली.

म्हणून मला पुस्तकाचं शीर्षकच खटकतं. 'हे जळतं का?' इथे थांबणारी मेथड अर्धी आहे. १९४२मध्ये समोर हिटलर होता, हे मान्य. त्या वर्षी नापाम बनवणं समजू शकतं. बावीस वर्षांनंतर, सगळे परिणाम जगासमोर असताना, ते साहसकथेच्या सुरात सांगणं मला समजत नाही.

पुढे फीझरने अध्यक्ष निक्सनला पत्र लिहून नापामवर बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराची सूचना केली. तो १९७७मध्ये वारला. नागरिकांवर आगशस्त्रं वापरायला मनाई करणारा करार १९८०मध्ये झाला.

फीझरचं पुस्तक वाचाच, पण सोबत रॉबर्ट नीअरचं 'नापाम' (२०१३) ठेवा. ज्यांच्यावर ही आग पडली, ती माणसं तिथे भेटतात.